शेऱ्याचा रकाना

कॉलरच्या घडीवरून एक दोरा वर आला होता, केसाएवढा, पांढरा, आणि आरशात तो हनुवटीखाली हलताना दिसत होता. दाढीचा साबण पुसता पुसता बिंदुमाधवनं तो चिमटीत धरला, ओढला, तर तो तुटला नाही, लांबतच गेला — आणि डोक्यात आपोआप, कोणी विचारलेलं नसताना, इंग्रजी शब्द येऊन बसला: फ्रेड, म्हणजे कडेचे दोरे सुटलेलं. त्याच्या मागून दुसरा, थ्रेडबेअर, म्हणजे लव झडून नुसते आडवे-उभे दोरे उरलेलं. मग तिसरा यायला लागला तसा त्यानं दोरा सोडला आणि आरसा खिळ्यावर उलटा टांगला. नको. आज तरी नको. मराठी शब्द आलाच नव्हता. पूर्वी यायचा; पूर्वी आधी 'विरलं' यायचं, 'उसवलं' यायचं, आणि तिथून तो एकेक पायरी चढत इंग्रजीपर्यंत जायचा, धापा टाकत... आता थेट वरच्या मजल्यावरच बिऱ्हाड झालं होतं आणि खाली उतरायचा जिना कुठं गेला ते कळत नव्हतं.

"बिंदू, तो शर्ट काढ आधी," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "उजेडात आण इकडं."

बेंगळुरातल्या चामराजपेटच्या त्या गल्लीत सकाळचा उजेड समोरच्या घराला वापरून उरलेला असा यायचा, आणि आज तर आभाळही भरून राहिलेलं. तरी तिनं शर्ट खिडकीशी नेला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि त्याच्या आरपार बाहेर बघितलं. कापडाचं ती असंच करायची — लुगडं असो, पंचा असो, चादर असो. बोटं फिरवायची नाही, मोजायची नाही. आरपार बघायची.

"गेलं," ती म्हणाली.

"अजून दोन महिने चालेल की."

"चालेल म्हणजे काय रे? गेलं म्हणजे गेलं. सुम्मने, उगाच ओढत न्यायचं, आणि मग एक दिवस चारचौघांत टर्रकन्..." ती थांबली. तिला काय आठवलं ते त्याला कळलं. शर्ट चिंध्यांच्या गाठोड्यावर टाकून तिनं पदराला हात पुसले. "त्या माणसाला बघायला हॉस्पिटलात जाणार ना आज? दोन मोसंबी ठेवलीत पिशवीत. बोलतो का तो?"

"बोलतो."

"तुझं काही नाही ना त्यात, बिंदू?"

"माझं काम लिहायचं," तो दुसरा शर्ट चढवत म्हणाला. "मी लिहिलं होतं."

खोटं नव्हतं. नऊ दिवस तो हे वाक्य सगळ्या बाजूंनी तपासत होता आणि त्यात खोटं असं कुठंच सापडत नव्हतं... लिहिलं होतं. अगदी बारकाईनं लिहिलं होतं. इतकं सुरेख, की साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

सायकलवर बसल्यावर पाय आपले आपण चालतात आणि डोकं मोकाट सुटतं, हे सायकलीचं वाईट. वडील गेले तेव्हा तो सोळाचा होता. शाळा सुटली ती सुटलीच, पण अव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक डिक्शनरी मिळाली, पुठ्ठे नसलेली, पहिली काही पानं गळालेली, आणि ती त्यानं कादंबरी वाचावी तशी वाचली. रोज दोन पानं. शब्द वहीत उतरवायचे. कारखान्यात लागल्यावर त्या वहीत एक वेगळंच घराणं जमायला लागलं — झिजणाऱ्याचं, विरणाऱ्याचं, सुटत चाललेल्याचं. वोर्न. चेफ्ड, म्हणजे घासून घासून. अॅब्रेडेड, म्हणजे खरवडून. रॅव्हल्ड. टॅटर्ड. पिटेड, म्हणजे गंजानं खड्डे पडलेलं. त्याला नवल वाटायचं: वस्तू नवी असते तेव्हा तिला एकच शब्द, न्यू, आणि ती मोडायला लागली की किती लाड! प्रत्येक पायरीला वेगळं नाव, प्रत्येक नावाची वेगळी चव. आपल्या घरात, आपल्या गल्लीत सगळंच जुनं होत होतं, पण इतक्या मानानं कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं... मी बघायला लागलो. मला वाटलं, हे आपल्याला जमतंय.

म्हैसूर रोडवरच्या त्या लोखंड ओतायच्या कारखान्यात त्याचं काम होतं स्लिंग तपासायचं. स्लिंग म्हणजे तारेचा जाड दोरखंड, दोन्ही टोकांना फासा. ओतलेला माल त्यात बांधायचा, फासे क्रेनच्या हुकात अडकवायचे आणि उचलायचं. अशा चाळीस स्लिंगा भिंतीला टांगलेल्या, प्रत्येकीला पितळी नंबर. महिन्यातून एकदा तो हातात कापसाचा बोळा घेऊन एकेकीवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवायचा. आतली तार जिथं तुटून वर आलेली असेल तिथं कापूस अडकायचा, रुईच्या म्हातारीसारखा थरथरत राहायचा. मग रजिस्टर. नंबर, तारीख, शेरा, फोरमनची सही. आणि एक नियम, पहिल्या पानावर छापलेला: बाद झालेली स्लिंग तपासणाऱ्यानं स्वतः, फोरमनसमोर, छिन्नीनं तोडून दोन तुकडे करायची — म्हणजे चुकूनसुद्धा ती परत हुकाला लागणार नाही.

पहिल्या वर्षी त्यानं दोन तोडल्या. तिसरी तोडायला निघाला तेव्हा चीनची लढाई होऊन गेली होती, तारेचा दोर परमिटशिवाय मिळत नव्हता, आणि ताम्हनकर साहेब — फोरमन, पुण्याचे, बोलणं अर्धं इंग्रजी — छिन्नीकडं बघून म्हणाले होते, "तोड, तोड. आणि उद्या माल कशानं उचलू? तुझ्या डिक्शनरीनं?" सगळी शेड हसली. माल बांधणारा मल्लाप्पासुद्धा. बिंदुमाधवनं छिन्नी खाली ठेवली आणि रजिस्टरात शेरा लिहिला, 'इन्सिपिअंट फ्रेइंग' — म्हणजे विरायला नुकती सुरुवात. साहेबांनी वाचलं. भुवया वर गेल्या. "अरे! इन्सिपिअंट! ऐका रे, ह्याला म्हणतात इंग्लिश. तू तर प्रोफेसर निघालास!"

तेव्हापासून प्रोफेसर. आणि तेव्हापासून छिन्नी खणात.

कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना त्याला रोजच्यासारखी भाजलेल्या वाळूची धग लागली. शेडच्या मधोमध अपघाताची ती जागा आता धुऊन काढलेली होती. लोक तिला वळसा घालून जात होते; कोणी सांगितलं नव्हतं, तरी जात होते.

"ये, ये. बस," ताम्हनकर केबिनमधून म्हणाले. त्यांचे डोळे तांबारलेले होते; नऊ दिवसांत ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते. (त्यालाही शब्द होता. त्यानं तो येऊ दिला नाही.) "कॉफी घेतलीस? हे बघ, फॅक्टरी इन्स्पेक्टर चारला येतोय. रजिस्टर मागेल. रजिस्टर क्लीन आहे, मी रात्री परत पाहिलं. तू कुठंही 'अनफिट' लिहिलेलं नाहीस."

"नाही, साहेब."

"आणि मी कुठंही 'फिट' लिहिलेलं नाही. नुसती सही आहे. म्हणजे राहता राहिलं काय, तर लोड बांधला कसा होता. लेथच्या बेडच्या कडेनं दोर कापू नये म्हणून पॅकिंग घातलं होतं का? गोणपाट?"

"ते मल्लाप्पाचं काम."

"एक्झॅक्टली. ते त्याच्याच तोंडून येऊ दे. तू कानडी जाणतोस, त्याची ती निपाणीकडची मराठी जाणतोस, इंग्लिश तर काय विचारायलाच नको. त्याचं स्टेटमेंट तू घे. एक शब्द पदरचा घालू नकोस. अगदी खरं तेवढंच पाहिजे मला." त्यांनी एक कोरा कागद आणि शाईची डबी टेबलावर सरकवली. "खाली अंगठा घेऊन ये. मजकूर इथं टाइप करू, नेहमीसारखा."

नेहमीसारखा म्हणजे: कारखान्यातली निम्मी माणसं अंगठेबहाद्दर. रजेचा अर्ज, खोलीचा अर्ज, बायकोच्या बाळंतपणाचा अर्ज — सगळे आधी कोऱ्या कागदावर अंगठा उठवून जायचे आणि मग बिंदुमाधव जेवणाच्या सुट्टीत त्यावर मजकूर टाइप करायचा. टाइपिंगही तो स्वतःच शिकला होता, चार बोटांनी, धडाधड, मध्येच थांबून, परत धडाधड. कधी कोणाची तक्रार आली नव्हती. लोक म्हणायचे, आमच्या मनातलं आमच्यापेक्षा बरं लिहितो.

"गोणपाट घातलं नव्हतं असं निघालं तर, साहेब?"

"तर सेफ्टी रूल मोडला त्यानं. कंपनी काय करणार? काम जाईल, खोली जाईल. आय अॅम सॉरी फॉर हिम." ते खरंच कष्टी दिसत होते. "आणि स्लिंगच खराब होती असं निघालं, तर त्याला जन्मभर गेटवर बसायचं काम मिळेल, कबूल. पण मग तू आणि मी कुठं जाणार ते तुला सांगायला नको. तुझं पर्मनंटचं लेटर सहीला आलंय. तुला वडील नाहीत, हे मी विसरलेलो नाही, बिंदुमाधव."

पहिल्यांदाच त्यांनी नावानं हाक मारली होती.

एकवीस नंबर. सायकल हॉस्पिटलच्या वाटेला लागून मार्केटच्या चौकाकडं वळली तरी ती डोळ्यांपुढून हलेना. जानेवारीत तिच्यापुढं लिहिलं होतं 'फेअर'. फेब्रुवारीत 'स्लाइटली वोर्न', मार्चमध्ये 'चेफ्ड'. एप्रिलमध्ये बोळ्याला सात ठिकाणी कापूस अडकला — सात म्हणजे नियमाप्रमाणे बाद. त्यानं लिहिलं, 'अॅब्रेडेड अॅट बेंड', म्हणजे वाकणापाशी खरवडलेली. दर महिन्याला एकवीस नंबरची पाळी आली की त्याला आत कुठंतरी हुरूप यायचा, हे आता कबूल करायला हवं... ती बाकीच्यांपेक्षा लवकर झिजत होती, तिच्यासाठी दर वेळी नवा शब्द लागत होता. चाळीसातली ती माझी आवडती होती. मला ती सुटत जाताना बघायला आवडत होतं. तिच्या भरवशावर माणूस उभा राहतो, तिच्याखाली माणूस वाकतो, हे मला ठाऊक होतं — म्हणजे, दोन आणि दोन चार ठाऊक असतं तसं. लिहिताना ते आठवत नसे.

आणि जूनमध्ये मल्लाप्पा. मालाला स्लिंग बांधणारा, पन्नाशीचा, मिशीत विडीचा पिवळा डाग. त्यानंच एकवीस नंबर खुंटीवरून काढून आणली होती आणि बिंदुमाधवच्या टेबलावर धपकन् टाकली होती. "होय्तु हे, सामी. गेलं. बगा की, कसं पिंजारलंय."

"गेलं म्हणजे किती गेलं?" त्यानं पेन्सिल कानावरून काढत विचारलं होतं.

मल्लाप्पा हसला होता. "गेलं त्याला किती आनि काय? म्हातारं मेलं तर किती मेलं म्हनता काय? लिवा तुमी इंग्रजीत, म्हंजे साह्यबाला कळंल."

आणि त्यानं लिहिलं. 'स्ट्रँड्स पार्टिंग' — पीळ सुटत चाललेत. साहेबांनी सही केली. स्लिंग परत खुंटीवर गेली. जुलैच्या दोन तारखेला काहीच शब्द उरेना, तेव्हा संध्याकाळी घरी डिक्शनरीत शोधून त्यानं 'अॅटेन्युएटेड' काढला, बारीक होत होत गेलेलं, आणि दुसऱ्या दिवशी तो लिहिताना त्याला इतका आनंद झाला होता की जेवणाच्या सुट्टीत तो शीळ घालत होता. कोणीतरी म्हणालंही होतं, "काय प्रोफेसर, लग्न ठरलं काय?"

अकरा तारखेला, शनिवारी, जेवणाच्या भोंग्याला दहा मिनिटं असताना आवाज झाला. फार मोठा नव्हता. ओलं धोतर झटकावं तसा. मग जमीन हादरली, लेथचं बेड, म्हणजे त्या यंत्राचा ओतीव पाया, खाली आलेलं, पाऊण टनाचं. मग ओरडा. आणि या तिन्हींच्या मध्ये, झटकल्याचा आवाज आणि ओरडा यांच्या मधल्या त्या एवढ्याशा फटीत, मल्लाप्पाचं नाव मनात यायच्याही आधी, देवाशप्पथ आधी, बिंदुमाधवच्या डोक्यात शब्द उमटला होता: पार्टेड. भूतकाळ. सुटले.

हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, आणि कोणत्या भाषेत?

वॉर्डात फिनेलचा आणि उकडलेल्या तांदळाचा वास होता. मल्लाप्पा उशीला टेकून बसला होता, लाल कांबळ्याखाली एक पाय शेवटपर्यंत दिसत होता आणि दुसरा घोट्याच्या वर चार बोटांवर संपत होता. तिथं कांबळं सपाट होतं. त्याची बायको तानूबाई खाली बसून तांदळाची पेज निववत होती. बिंदुमाधवला बघून तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही.

"आले लिवनार," ती म्हणाली. "लिवनाऱ्यांचे पाय बरे धड असत्यात."

"ए, गप की गं. मोसंबी आनल्यात त्येनी," मल्लाप्पा म्हणाला. "बसा, सामी. तिकडं बसा, पायाकडं जागा हाय आता भरपूर." आणि स्वतःच हसला, मिशीतल्या मिशीत. "आता चप्पल एकच लागंल बगा. हितं आनि एक एकपायी मानूस हाय, सा नंबरच्या खाटंवर. त्याचा डावा गेला, माजा उजवा. म्हनलं जोडी आनू, अर्धी अर्धी वाटून घिऊ."

बिंदुमाधव हसला. हसावं लागलं. त्यानं डबी काढली, कागद काढला, गुडघ्यावर ठेवला.

"मल्लाप्पा, साहेबांनी विचारलंय. त्या दिवशी... बेडच्या कडेला गोणपाट घातलं होतं का?"

मल्लाप्पानं छताकडं बघितलं. "रोज घालतो की. तीस वर्सं घालतोय. पन त्या दिवशी घातलं का... न्हाई सामी, त्या दिवशीचं डोस्क्यातच न्हाई. हुक लावल्याला आठवतोय, हात वर केल्याला आठवतोय. मग हितला पंखाच." त्यानं छताच्या पंख्याकडं बोट केलं. "घातलं असंल. न्हाई कसं म्हनू आनि हाय तरी कसं म्हनू? आठवत न्हाई आसंच लिवा."

"असंच लिहू?"

"खरं तेच लिवा." मग तो एकदम पुढं झाला, कोपरावर भार देऊन, आणि आवाज खाली आणला. "पर येक सांगा. मी त्या दोराचं सांगितलं हुतं, न्हवं? जूनमंदी. टेबलावर आनून टाकला हुता. तुमी लिवलं हुतं न्हवं?"

"लिहिलं होतं," बिंदुमाधव म्हणाला.

"बगा!" मल्लाप्पा तानूबाईकडं वळला आणि त्याचा चेहरा सैल पडला. "मी सांगत हुतो. सामीनं लिवलंय. इंग्रजीत लिवलंय. आता कोन काय करतंय मला?"

तानूबाई त्याच्याकडं बघत नव्हती, बिंदुमाधवकडं बघत होती. पेजेत चमचा फिरायचा थांबला होता. "मग लिवलं हुतं तर तुटला कसा?" तिनं विचारलं. साधंच विचारलं, चिडून नाही, टोमणा मारून नाही. समजून घ्यायचं होतं तिला.

त्याच्या वहीत झिजण्या-तुटण्याचे सत्याऐंशी शब्द होते. त्यानं मान खाली घालून डबीचं झाकण उघडलं.

"अगं, लिवून काय दोर बळकट हुतोय व्हय?" मल्लाप्पानंच उत्तर दिलं आणि डावा अंगठा पुढं केला. "घ्या. खाली का मदी?"

"खाली."

"वर तुमी भरा." अंगठा जांभळा झाला, कागदावर टेकला, उचलला. मल्लाप्पानं तो कांबळ्याला पुसला. "आमच्या थोरल्याच्या टायमाला बी तुमीच लिवल्ता अर्ज, खोलीचा. कसा लिवल्ता कोन जाने, आठ दिसांत मिळाली खोली."

बाहेर आल्यावर तो सायकलीपाशी नुसता उभा राहिला. मार्केटकडून फुलांच्या गाड्या येत होत्या, हॉर्न वाजत होते, ढग इतके खाली आले होते की दुपार आहे का संध्याकाळ कळू नये. 'न्हाई कसं म्हनू आनि हाय तरी कसं म्हनू'... हे इंग्रजीत गेलं की किती छान बसेल: आय डू नॉट रिमेंबर वेदर आय प्लेस्ड द पॅकिंग. संपलं. यात काहीही खोटं नाही. त्याच्या तोंडचंच आहे, साहेबांना हवं तेच आहे. खरं तेवढंच! आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर ते वाचेल आणि म्हणेल, आठवत नाही म्हणजे घातलं नव्हतं. बस. खोटं एक अक्षर न लिहिता माणसाचं काम जाईल, खोली जाईल, दुसरा पाय जाईल म्हटलं तरी चालेल. जसं एकवीस नंबरच्या शेऱ्यात कधीच काही खोटं नव्हतं. सगळे शब्द अचूक होते. मी एकही शब्द चुकीचा वापरला नाही.

सायकल चालवताना हे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, पायडलच्या तालावर, आणि कारखान्याच्या वळणावर त्याच्या ध्यानात आलं की आपण हे स्वतःच्या बचावासाठी म्हणत नाही आहोत. वकील बदलला होता; तेच शब्द आता समोरच्या बाजूचा वकील बोलत होता. कधी बदलला ते कळलं नव्हतं.

टाइपरायटर टाइम ऑफिसच्या कोपऱ्यात होता. सव्वातीन. त्यानं कागद रुळात घातला, जपून, शाई फिसकटू नये म्हणून, आणि सरळ केला. मथळा टाइप केला. मल्लाप्पाचं नाव, त्याच्या वडलांचं नाव, वय, काम: स्लिंगर. चार बोटं धडाधड चालली. मग थांबली.

दोन ओळी समोर होत्या. दोन्ही 'आय'नं सुरू होणाऱ्या, म्हणजे 'मी'नं, आणि तो 'मी' मल्लाप्पा. एक, 'मला आठवत नाही'. दुसरी — 'जून महिन्यात मी स्लिंग तपासनिसाला सांगितलं की हा दोर गेला आहे'. दुसरी ओळ त्यानं मनात नुसती म्हणून पाहिली आणि त्याला चमत्कारिक वाटलं. कारण त्या ओळीत तो स्वतः कुठंतरी पलीकडं उभा होता, टेबलाच्या पलीकडं, कानावर पेन्सिल असलेला एक बारका पोरगा, आणि त्याच्याकडं बघणारा मी म्हणजे मल्लाप्पा होता. तो पोरगा दोराकडं बघत होता, खरं तर दोराकडंही नाही, दोराच्या जरा वर, हवेत, जिथून शब्द येतात तिकडं. त्याचा चेहरा आनंदी होता. एवढ्या जवळून मी माझा चेहरा कधी बघितला नव्हता.

"तपासनिसानं मला विचारलं, किती गेलं?" — हेही लिहायचं का? तपासनिसानं नियमाप्रमाणे दोर तोडायला पाहिजे होता, ही गोष्ट मल्लाप्पाला माहीत असेल का? असेल. तीस वर्षं आहे तो. मग तो बोलला का नाही, सामी, छिन्नी कुठाय म्हणून? का बोलेल... त्यानं सांगितलं होतं. मी लिहिलं होतं. त्याच्या हिशेबी लिहिणं म्हणजेच तोडणं.

केबिनचं दार उघडलं. "काय म्हणाला तो?" ताम्हनकरांनी विचारलं.

"आठवत नाही म्हणाला, साहेब."

साहेबांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला, लांब, जसा माणूस डॉक्टरकडून बाहेर आल्यावर सोडतो. "बस्स. तेवढंच लिही. पुअर फेलो." दार लोटायच्या आधी ते थांबले. "आणि हे बघ, इन्स्पेक्टरला वाटलं तर तो हॉस्पिटलात जाऊन त्याला वाचून दाखवेल. कन्नड, मराठी काहीच येत नाही त्याला, मद्रासचा आहे. तूच जा बरोबर. तूच वाचून दाखव."

"बरं."

दार लागलं.

तूच वाचून दाखव. बिंदुमाधवचे हात किल्ल्यांवर होते, आणि त्याला ते दिसलं — वॉर्ड, पंखा, लाल कांबळं, आणि हातात हाच कागद धरून मी वाचतो आहे. इंग्रजी बघून त्याच्या मराठीत वाचतो आहे. मी जे वाचेन त्याला मल्लाप्पा मान हलवेल. या कागदावर काहीही असलं तरी मी त्याच्या शेजारी बसून 'तुम्ही दोराचं सांगितलं होतं, ते लिहिलंय' असं म्हणू शकेन, आणि तो तानूबाईकडं वळून म्हणेल, बघ! आणि इन्स्पेक्टर मान हलताना बघून खाली सही करेल. सगळी दारं माझ्यातूनच उघडत होती. मल्लाप्पाचं इन्स्पेक्टरकडं जाणारं, इन्स्पेक्टरचं मल्लाप्पाकडं येणारं, साहेबांचं दोघांकडं जाणारं. नऊ दिवस तो नेमकं याच्यासाठी देवापुढं हात जोडत होता — कोणी विचारू नये, कोणाला कळू नये — आणि आता ते मिळालं होतं, पुरतं मिळालं होतं, आणि त्याला वाटत होतं की आपण चालता चालता पाय टाकला आणि खाली जमीन नाही.

भीती गेली नव्हती. तिनं नुसती जागा बदलली होती. सकाळपर्यंत ती पुढं होती, चार वाजता येणाऱ्या कुणाच्या तरी रूपात. आता पुढं कोणीच नव्हतं. फाटकावर नाही, केबिनमध्ये नाही, हॉस्पिटलात नाही. त्याला एकदम ओरडावंसं वाटलं, कोणीतरी या, माझ्या खांद्यावरून वाका, हे वाचा — आणि त्या वेड्या क्षणी त्याला तानूबाई आठवली, पेजेत थांबलेला तिचा चमचा. पण तिलाही वाचता येत नव्हतं.

शेडमधून क्रेन चालल्याचा आवाज आला, घरघर, थांबली, परत घरघर. कोणीतरी खालून ओरडलं, "मेले! मेले एत्तु!" — कानडीत, वर घे, अजून वर.

कागदावर मथळा होता, आणि खूप खाली जांभळा अंगठा. मध्ये वीसएक ओळींची जागा. एवढ्या जागेत काहीही मावलं असतं. आणि ते वाचून हे खरं नाही असं म्हणू शकेल असा माणूस अख्ख्या बेंगळुरात एकच होता, तो चार बोटं किल्ल्यांवर ठेवून बसला होता, आणि त्याला कळत नव्हतं की तो म्हणेल का.